लाल पाटी वाचणारा माणूस

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतील समस्त भातउत्पादक, गिरणीवाले, टेम्पोवाले आणि हातातलं काम बाजूला ठेवून हे वाचत बसलेले इतर सज्जन यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, 'तुम्हाला हे करण्याचा अधिकार नाही' हे वाक्य ऐकवण्याचा मान आता माणसांकडे राहिलेला नाही. तो संगणकाकडे गेलेला आहे. सर्वांनी आपापल्या जागी उभे राहून स्तब्धता पाळावी.

पाळलीत? बसा आता.

पूर्वी हे वाक्य सासूबाई म्हणायच्या, तलाठी म्हणायचे, कंडक्टर म्हणायचा, झालंच तर शाळेचा शिपाईही म्हणायचा. पण या सगळ्यांना बोलण्यात गुंतवता यायचं. चहा पाजता यायचा. 'तुम्ही नसरापूरचे का? माझी मावशी तिथलीच,' असं म्हणून निम्मं काम जागेवर उरकता यायचं. संगणकाची मावशी कुठं राहते हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तो पडद्यावर मधोमध एक लाल पाटी उभी करतो आणि गप्प बसतो.

ज्या माणसाबद्दल मी सांगणार आहे, तो या लाल पाटीचा वैद्य होता. आम्ही त्यांना चावीवाले म्हणायचो. त्यांच्यामागं म्हणायचो, आणि काही दिवसांनी त्यांच्यासमोरही म्हणायला लागलो, कारण त्यांना ते नाव फार आवडलं.

आधी आमचा पसारा सांगतो. आमचा संघ तांदळाचा. डोंगरातल्या गावांतून भात गोळा करायचं, भोरजवळच्या गिरणीत ते भरडायचं आणि तांदूळ पिशव्यांत भरून पुण्याकडं धाडायचा. गिरणीचं गोदाम माझ्याकडं. गावोगाव संघाची केंद्रं आहेत. दिवाळीनंतर झोडणी झाली की शेतकरी तिथं पोती घेऊन येतो. केंद्रावरचा माणूस भाताचा ओलावा मोजतो, वजन करतो, आणि भात आत घ्यायचं की आणखी ऊन दाखवायला परत पाठवायचं ते सांगतो. पूर्वी हे सारं वहीत चालायचं. मग आमच्या मंडळानं मोठमोठ्या कारखान्यांत असतं तसलं भारी सॉफ्टवेअर घेतलं. कुणी काय बघायचं, कुणी काय भरायचं, कुणी काय मान्य करायचं, सगळ्याच्या चौकटी आखलेल्या. आपल्या चौकटीबाहेर बोट गेलं की लाल पाटी.

चावीवाले पुण्यात कुठल्याशा मोठ्या कंपनीत हेच काम करत होते. त्यांच्या पत्नीला भोरच्या कॉलेजात नोकरी मिळाली म्हणून ते इकडं आले, आणि संघानं त्यांना कुणाला काय अधिकार द्यायचा हे बघण्यासाठी ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलाच्या खणात एक पांढरी टोपी ठेवली. आम्हाला वाटलं, माणूस वारकरी असावा. तसं काही नव्हतं. त्यांची संगणकात दोन खाती होती. एक साधं, तुमच्याआमच्यासारखं. दुसरं असं की त्यातून कुणालाही काहीही देता किंवा काढून घेता यायचं. हे दुसरं खातं उघडायच्या आधी ते टोपी घालायचे आणि बंद केलं की काढायचे. टोपी डोक्यावर असताना त्यांच्याशी गप्पा मारायला बंदी होती. चहाचा कपसुद्धा ते त्या वेळी हातानं बाजूला सारायचे.

मी एकदा विचारलं, हे काय नाटक?

"गोदामवाले," ते म्हणाले, "देव अंगात आलेला असताना माणसानं भाजी आणायला जाऊ नये. घोटाळे होतात."

आणि स्वतःच्या साध्या खात्याला त्यांनी इतके कमी अधिकार देऊन ठेवले होते की त्यांना स्वतःची रजासुद्धा मंजूर करता येत नसे. रजेच्या नोंदी माझ्याकडं, म्हणून ती मागायला ते माझ्याकडं यायचे, टोपी काढून, दारात उभे राहून. मी मुद्दाम वेळ लावायचो. त्यांना ते फार बरं वाटायचं.

त्यांच्या पत्नी सांगायच्या, घरीही हेच. स्वतःच्या घराची किल्ली खिशात, तरी कडी वाजवणार. आतून 'कोण?' विचारलं की नाव सांगणार आणि कशासाठी आलो तेही सांगणार. एकदा वैतागून त्यांनी आतूनच सांगितलं, जेवणाचा अधिकार आहे, रिमोटचा नाही. चावीवाले म्हणे प्रसन्न झाले. लग्नानंतर प्रथमच बायकोला आपलं काम कळलं असं त्यांना वाटलं.

त्यांच्या उपचाराची पद्धत ऐका. कुणाचा फोन आला की पाटी आलीय, तर ते पाटीचं नाव काढायचे नाहीत. विचारायचे, "काय करायला निघाला होतात?" समोरचा सांगायचा, मान्य बटण दाबत होतो. "बटणाचं नको. तुम्ही काय करायला निघाला होतात?" मग समोरचा जरा थांबून म्हणायचा, भात आत घ्यायचं होतं. "हां. आता कळलं." आजारी माणसाला कुठं दुखतं ते विचारण्याआधी हे वैद्य त्याला तू कुठं निघाला होतास ते विचारायचे.

त्यानंतर ते जागेवर जायचे. फोनवर काही दुरुस्त करत नसत. गेले की त्या माणसाला खुर्चीवरून उठवायचे, स्वतः बसायचे, आणि हात पुढं करायचे. चष्म्यासाठी. त्या माणसाच्या जागी बसायचं तर चष्म्यासकट, असा त्यांचा नियम. आमच्या हिशेबनिसांचा जाड भिंगाचा चष्मा घालून ते पडद्यासमोर बसले होते तेव्हा त्यांना बहुधा पडदाही दिसत नसावा. पण मागं हटले नाहीत. मग उभं राहून लाल पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचायचे. पहिल्या शब्दापासून शेवटच्या आकड्यापर्यंत, मंगलाष्टकं म्हणावीत तशी, ओळ संपली की जरा थांबून. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, पाटी वाचण्यासाठी लिहितात. भोरच्या स्टँडवर पाटी न वाचता गाडीत बसा, डुलकी लागेल आणि जाग येईल ती महाडला.

आमच्या अध्यक्षांचा किस्सा तर संघात अजून निघतो. अध्यक्षांनी त्यांना बोलावून फर्मावलं की मी अध्यक्ष आहे, मला सगळेच्या सगळे अधिकार पाहिजेत. चावीवाल्यांनी नम्रपणे विचारलं की साहेब, रोज काय काय करता? अध्यक्षांनी बरंच सांगितलं. गाळून गाळून शेवटी दोन कामं उरली, बघणं आणि मंजुरी देणं. तेवढेच अधिकार मिळतील म्हटल्यावर अध्यक्षांचा चेहरा उतरला. चावीवाले म्हणाले, "घरी गॅसची टाकी बदलायचा पूर्ण अधिकार आहे ना तुम्हाला? शेवटची कधी बदललीत?" अध्यक्षांच्या सौभाग्यवती त्या दिवशी नेमक्या ऑफिसात आलेल्या. त्या पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या, आणि विषय तिथं संपला.

आता हे सगळं गमतीचं झालं. हिर्डोशीचं प्रकरण गमतीचं नव्हतं.

हिर्डोशी म्हणजे वरंधा घाटाकडं जाताना, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं. एसटी आली तर आली, नाहीतर चाला. तिथलं केंद्र कमलताई नावाच्या बाई सांभाळायच्या, केंद्र उघडल्यापासून. त्यांच्या हाताखाली तोलाईला बबनतात्या, निवृत्तीला टेकलेले. तर त्या हंगामात लाल पाट्या येत होत्या त्या सगळ्या हिर्डोशीहून. रोज सकाळी कमलताईंचा फोन. पाटी आली. भात आत घेता येईना. मग आम्ही चावीवाल्यांपर्यंत न नेता इकडून भोरहून कुणीतरी ते मान्य करायचो, आमच्या सवडीनं. तोवर तिकडं शेतकरी पोत्यांवर बसून, टेम्पोवाला शिव्या देत, आणि दुपार झाली की आलेला टेम्पो रिकामा परत.

बाकीच्या केंद्रांवर मात्र सगळं आलबेल. मार्गासनीहून एक पाटी नाही. गुंजवण्याहून नाही. त्यामुळे निदान सोपं झालं होतं. बाईंना जमत नाही. अध्यक्ष माणूस वाईट नव्हे, पण टेम्पो रिकामा आलेला त्यांना सोसायचा नाही. पुढच्या सभेत विषय ठेवला गेला, हिर्डोशीचं केंद्र बंद करून ते भोरला जोडायचं. म्हणजे कमलताई आणि तात्या घरी. आणि वरच्या वाड्यावस्त्यांवर ज्याचं भात चार-सहा पोती, त्यानं ते भोरपर्यंत आणायचं कसं? तो आणणार नव्हताच. घाटातून येणाऱ्या व्यापाऱ्याला म्हणेल त्या भावानं देऊन टाकणार होता. हे सगळ्यांना माहीत होतं. विषय तरीही ठेवला गेला.

सभेची सूचना वाचून चावीवाले माझ्याकडं आले. "एकाच घरात इतकं आजारपण आणि बाकी गावात कुणाला शिंकसुद्धा नाही? मला त्या गावाची काळजी वाटते. चला, मार्गासनीला जाऊ."

मी म्हणालो की दुखणं हिर्डोशीला आहे. ते म्हणाले की म्हणूनच आधी मार्गासनी.

मार्गासनीच्या केंद्रात आम्ही शिरलो आणि चावीवाले भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. भिंतीवर कालनिर्णय, शेजारी एसटीचं वेळापत्रक, आणि त्याच्या शेजारी पोत्यांवर खुणा करायच्या जाड पेननं ठळक अक्षरांत लिहिलेलं आप्पांचं नाव आणि पासवर्ड.

आप्पा म्हणजे आमचे आधीचे व्यवस्थापक. सॉफ्टवेअर आलं ते त्यांच्या काळात, त्यामुळे सगळे अधिकार त्यांच्या खात्यात. ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं, त्यांनी आम्हाला पासवर्ड दिला. त्यांच्या म्हशीचं नाव आणि पुढं त्यांची जन्मतारीख. खातं बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. पण जिवंत माणसाचं नाव कसं काढायचं? बरं दिसत नाही. मग कुणी अडलं की शेजारच्या घरी विरजण मागावं तसा तो पासवर्ड या केंद्राहून त्या केंद्राला गेला. नियम असा होता की ज्यानं ओलावा भरला त्यानंच तो मान्य करायचा नाही, दुसऱ्या माणसानं करायचा. सगळीकडं तो दुसरा माणूस म्हणजे आप्पा. पुढं पुढं पहिला माणूसही आप्पाच झाला, कारण सारखं एकातून बाहेर या आणि दुसऱ्यात जा याचा कंटाळा. तिकडं आप्पा कापूरहोळच्या बाजूला आपल्या मळ्यात शेवंती लावत होते, आणि इकडं एकाच वेळी मार्गासनीत भात मोजत होते, गुंजवण्यात मान्य करत होते, माझ्या गोदामात पोती उतरवून घेत होते.

मार्गासनीच्या केंद्रावरचा गडी मोठा उदार. चावीवाले भिंतीकडं बघताहेत म्हटल्यावर त्यानं कागद पुढं केला. "लिवून घ्या की सायेब. लई भारी चालतंय. पाटीच येत न्हाई."

चावीवाले त्याला धन्यवाद म्हणाले. लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिर्डोशी. एसटीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. केंद्राबाहेर पोत्यांवर शेतकरी बसलेले, आत कमलताई केंद्राचा फोन कानाला लावून उभ्या. आमच्याच ऑफिसला लावला होता आणि कुणी उचलत नव्हतं. चावीवाल्यांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. काय करायला निघाला होतात?

"ह्यांचं भात आत घ्यायला," त्या म्हणाल्या. "वाळल्यालं हाय, पाखडल्यालं हाय. म्या भरलं. आता मान्य तात्यांनी करायचं, तर त्यास्नी पाटी. मग म्या दाबून बघते, तर मला पाटी. रोज हेच."

त्यांना पाटी येणं बरोबर होतं, भरणारा आणि मान्य करणारा वेगळा हवा. पण तात्यांना का? चावीवाल्यांनी तात्यांना खुर्चीवरून उठवलं, बसले, आणि हात पुढं केला. तात्या बुचकळ्यात. मी त्यांना सांगितलं की चष्मा द्या, विचारू नका. तात्यांचा चष्मा एका कानाला दोऱ्यानं बांधलेला. तो दोरा बाहेर उभ्या माणसांनी खिडकीतून वाकून बघितला. चावीवाल्यांनी तो कानामागं नीट अडकवला, बटण दाबलं, पाटी आली, ते उभे राहिले आणि वाचायला लागले.

पहिली ओळ आम्हाला सगळ्यांना पाठ होती. अधिकार नाही. दुसरी ओळ कुणी कधी वाचली नव्हती. तिसरी ओळ बारीक अक्षरात होती आणि ती वाचताना चावीवाल्यांचा आवाज हळू झाला. सदर वापरकर्त्यास मान्यतेचा अधिकार फक्त मार्गासनी केंद्रासाठी आहे.

"तात्या, तुम्ही आधी कुठं होता?"

"मार्गासनीला. दोन वर्सं झाली हितं बदलून आलोय."

चावीवाले खाली बसले. बराच वेळ हसत राहिले, आवाज न करता, खांदे हलवत. माणूस एसटीनं हिर्डोशीला आला होता. अधिकार मार्गासनीतच राहिला होता. त्याची बदलीच कुणी केली नव्हती. तात्यांचा अधिकार तिकडं रिकामाच पडून होता, पण मार्गासनीला कुणी आपल्या नावानं काम करतच नव्हतं, म्हणून हे दुखणं कुणाला दिसलं नाही.

मग त्यांनी कमलताईंना विचारलं की भिंतीवरचं आप्पांचं नाव तुमच्यापर्यंत पोचलं नाही का?

"पोचलं की. मार्गासनीवाल्यानं फोन करून सांगितलं. म्या न्हाई घेतलं." कमलताईंनी बाहेर पोत्यांवर बसलेल्या माणसांकडं मान केली. "कवाकवा भात ओलं असतंय. परत न्या म्हणावं लागतंय. ही मानसं वरनं डोक्यावर पोतं घिऊन येत्यात. त्यांनी विचारलं, कुनी परत पाठवलं, तर म्या काय सांगू? आप्पांनी? म्या सांगितलं असंल तर माझं नाव पायजे. शिवी दिली तर मला द्यावी."

केंद्राचा फोन आणि संगणक तारेवर चालायचे, मोबाईलला तिथं रेंज नव्हती. चावीवाले लॅपटॉप घेऊन शाळेच्या कट्ट्यावर जाऊन बसले, पिशवीतून टोपी काढली, घातली. गावातली माणसं लांबून बघत होती. थोड्या वेळानं टोपी काढली आणि केंद्रात आले. तात्यांना म्हणाले, दाबा. तात्यांनी बटण दाबलं आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. पाटी आली नाही. पडदा हिरवा झाला. तात्यांनी डोळे उघडले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि बाहेरच्या लोकांना ओरडून सांगितलं, उचला रं पोती. मागाहून मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले की दोन वर्सं म्या समजत हुतो, आपल्यातच काय तरी खोट हाय.

परतीच्या एसटीत मी खुशीत होतो. झालं, आजार बरा झाला. चावीवाले म्हणाले की बरा झाला, पण सभेला त्याचं काय? दोन वर्षांच्या पाट्या हिर्डोशीच्या नावावर आहेत. अध्यक्ष म्हणणार, आता दुरुस्त केलंत, उद्या पुन्हा येतील, बाईंना जमत नाही हे तर दिसलंच. आणि एकदा केंद्र बंद झालं की पुन्हा उघडत नाही. हे त्यांचं खरं होतं. आमच्याकडं बंद झालेलं पुन्हा उघडल्याचं मला आठवत नाही.

"या पाट्या खरं तर बाकीच्या सगळ्यांना यायला हव्या होत्या," ते म्हणाले. "त्यांना येत नाहीत, हा आजार."

त्यासाठी आप्पांचं खातं बंद करणं भाग होतं. टोपी घालून ते एका बटणाचं काम. पण ऐका, या माणसानं काय केलं. सभेच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन आप्पांच्या मळ्यात गेले. परवानगी मागायला. नाव त्यांचं आहे, म्हणाले, न विचारता कसं काढू?

आप्पा शेवंतीच्या वाफ्यात उकिडवे बसलेले. त्यांना सगळं समजावून सांगायला वेळ लागला. आपण निवृत्तीनंतरही रोज कामावर आहोत, तेही चार ठिकाणी, हे कळल्यावर ते आधी घाबरले. मग विचारात पडले. मग म्हणाले, "मला वाटलं, मला विसरले सगळे." त्यात दुःख होतं की आनंद, मला सांगता येणार नाही. चावीवाल्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. आम्ही तिघांनी तिथंच बांधावर बसून आप्पांचा दुसरा निरोपसमारंभ केला. भाषण चावीवाल्यांनी केलं. आप्पांनी विचारलं की पासवर्ड बदलला तर म्हशीला काही होणार नाही ना? तिला काही होणार नाही याची चावीवाल्यांनी ग्वाही दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी प्रत्येक केंद्राला स्वतः फोन करून सांगितलं, उद्यापासून प्रत्येकानं आपापल्या नावानं काम करायचं. सगळे हो म्हणाले. आमच्याकडं सगळ्याला सगळे हो म्हणतात.

सभा सकाळची. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर त्या दिवशीचं भात कुठल्या केंद्रावर किती आलं हे दिसत होतं. प्रत्येक नोंदीपुढं दोन नावं, भरणाऱ्याचं आणि मान्य करणाऱ्याचं. अध्यक्ष मधोमध. संचालक दोन्ही बाजूंना. त्यांत वेल्ह्याकडचे एक वयस्कर संचालक होते, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादा मंडळात कधी बोलत नसत. हात वर करायची वेळ आली की वर करायचे, चहा आला की घ्यायचे. कमलताईंना बोलावलं नव्हतं. त्या केंद्रावर होत्या.

अध्यक्षांनी हिर्डोशीचा विषय घेतला, पाट्यांचा पाढा वाचला आणि मंडळाचं मत विचारलं. चावीवाले उठून उभे राहिले. टोपी खणात होती. ते म्हणाले की निर्णय जरूर घ्यावा, त्याआधी अध्यक्षांनी कालच्या मालाला एकदा आपल्या नावानं मंजुरी द्यावी, एवढीच विनंती.

अध्यक्षांनी लॅपटॉप ओढला आणि माझ्याकडं बघितलं. "काय हो आपलं ते? म्हशीचं नाव ना?"

मी मान हलवली. त्यांनी म्हशीचं नाव टाकलं. भिंतीवर, मोठ्या पडद्यावर, लाल पाटी उभी राहिली. चावीवाल्यांनी अध्यक्षांपुढं हात केला. अध्यक्षांनी चष्मा काढून दिला. त्यांनी तो घातला आणि पाटी वाचली. हे खाते बंद करण्यात आले आहे.

"साहेब, तुमच्या स्वतःच्या नावानं," चावीवाले म्हणाले.

आणि मंडळी, अध्यक्षांना आपला पासवर्ड ठाऊक नव्हता. कधी लागलाच नव्हता. त्यांनी हिशेबनिसांकडं बघितलं, हिशेबनिसांनी पंख्याकडं बघितलं. कुणीतरी मला हळूच विचारलं की आपल्या गोदामाचा तरी आहे का? मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात ऑफिसातले फोन वाजायला लागले. मार्गासनीला पाटी आली. गुंजवण्याला पाटी आली. पलीकडच्या खोलीतून ऑफिसात फोन घेणारी मुलगी एकेक नाव ओरडून सांगत होती आणि चावीवाले मधूनमधून मान डोलवत होते, समेवर आल्यासारखे. हो म्हणालेल्यांपैकी एकालाही आपलं खातं उघडता येत नव्हतं. आख्खा संघ ठप्प.

अध्यक्ष लाल झाले. हे काय चाललंय, असं काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिले, कारण भिंतीवरचा पडदा हलला. रिकाम्या जागेत एक नोंद आली. हिर्डोशी. भरणाऱ्याच्या जागी कमलताईंचं नाव. मान्य करणाऱ्याच्या जागी बबनतात्यांचं नाव. हिरवं. जरा वेळानं तिच्याखाली दुसरी. पुन्हा तीच दोन नावं. मग तिसरी, आणि टेम्पो निघाल्याची नोंद. सगळे बघत होते. आख्ख्या पडद्यावर तिसरं नाव नव्हतं. डोंगरातलं एक केंद्र आपलं शांतपणे भात घेत होतं.

अध्यक्षांनी समोरचा विषयपत्रिकेचा कागद उचलला, पुन्हा खाली ठेवला, पेनाचं टोपण उघडलं. त्यांच्याकडं लक्ष कुणाचंच नव्हतं. इतकी वर्षं नुसता हात वर करणारे दादा खुर्चीतून निम्मे उठले होते, पडद्याकडं बोट करून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"आरं, आप्पा गेल्यावर आपल्या संघात कामाला ही दोघंच उरल्यात की, आन् आपुन त्यास्नीच काढाया बसलोय!"